लहानपणी एआरएम किंवा हिर्शस्प्रुंगचं ऑपरेशन झालेले प्रौढ : नैराश्य आणि चिंता कशी तपासायची, कोणती औषधं जपून द्यायची?

समुपदेशन_सातारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी समुपदेशक आहे. हा धागा कामासाठी काढते आहे, कुणा एका व्यक्तीबद्दल नाही.

विषय दोन जन्मजात आजारांचा. एक एआरएम, म्हणजे गुदद्वार जन्मतः तयारच न होणं किंवा भलत्या जागी उघडणं. दुसरा हिर्शस्प्रुंग, ज्यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात आणि तो भाग शी पुढे ढकलत नाही. दोन्ही साधारण पाच हजार जन्मांमागे एक. ऑपरेशन लहानपणी होतं, मूल वाचतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. वीस ते पस्तीस वयात हीच माणसं आमच्याकडे येतात ती 'नोकरी सोडावीशी वाटते', 'लग्नाचा विषय नको', 'कुठे जायला नको वाटतं' अशा तक्रारी घेऊन. पोटाचा विषय तिसऱ्या-चौथ्या बैठकीत निघतो, तोही आई सोबत नसेल तर.

सर्जनच्या जुन्या चिठ्ठीवर 'ऑपरेशन यशस्वी' लिहिलेलं असतं. फिजिशियन म्हणतात टेन्शनमुळे होतंय. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात आधी पोटाचं बघा.

माझ्या अडचणी अशा. पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेतला की झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांतच नऊपर्यंत गुण जमू शकतात. मग हे नैराश्य की आतड्याचा आजार? दुसरं, ज्याचे कपडे खरोखरच खराब होतात त्याला 'भीतीला सामोरं जा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तिसरं, औषधं. आणि शेवटचं, आपण विचारायला हवं पण विचारत नाही असं काय राहतंय?

---

पेडसर्जन_निवृत्त

'ऑपरेशन यशस्वी' याचा आमच्या भाषेतला अर्थ एवढाच की मार्ग योग्य जागी आहे, जोड नीट भरला आहे आणि आतडे अडलेले नाही. कपडे स्वच्छ राहतात असा त्याचा अर्थ नव्हे. एआरएमसाठी आज जी पीएसएआरपी शस्त्रक्रिया करतात ती पेन्या आणि डी व्हरीस यांनी १९८२ मध्ये मांडली. तिच्यामुळे स्नायूंच्या बरोबर मधोमध गुदद्वार बसवता येते. पण जे स्नायू आणि ज्या चेता जन्मतःच कमी आहेत त्या शस्त्रक्रियेने उगवत नाहीत.

म्हणून पहिले काम : लहानपणीचे डिस्चार्ज कार्ड मागवा. घरच्या कपाटात ते बहुधा असतेच. त्यात चार गोष्टी शोधा.

दोषाचा प्रकार. मार्ग त्वचेवर किंवा मुलींमध्ये योनिमुखाजवळ उघडत होता, तर पुढे मुख्य त्रास बद्धकोष्ठाचा. मूत्राशयाच्या मानेशी जोडलेला होता, तर नियंत्रणच कमी असण्याची शक्यता जास्त.

त्रिकास्थी आणि मज्जारज्जू. कण्याचा खालचा भाग अपुरा असेल किंवा मज्जारज्जू खाली अडकलेला असेल, तर लघवीचाही प्रश्न असतो. तो कोणी सांगत नाही, विचारावा लागतो.

मूत्रपिंडे. एआरएमसोबत मूत्रपिंडाचे दोष बरेचदा असतात. सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) अलीकडे केव्हा झाले ते पाहा. वेदनाशामके, फॉस्फेटचा तयार एनिमा (गुदद्वारातून द्रव सोडून आतडे रिकामे करणे), लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) अशा अनेक गोष्टी यावर अवलंबून आहेत.

हिर्शस्प्रुंग असेल तर किती आतडे काढले. फक्त शेवटचा भाग, की सगळे मोठे आतडे आणि लहान आतड्याचाही तुकडा? दोघांचे पुढचे आयुष्य पूर्ण वेगळे असते.

दुसरे काम : गळती कोणत्या जातीची हे ठरवा. घट्ट शी गुदाशयात साठून राहते आणि तिच्या कडेने पातळ गळत राहते, ही एक जात. रुग्ण सांगतो 'जुलाब होतात', डॉक्टर लोपेरामाइड (जुलाब थांबवणारे औषध) देतात, आतला साठा आणखी घट्ट होतो आणि गळती वाढते. ही चूक फार वेळा होते. पोटाचा एक साधा एक्स-रे काढला की साठा दिसतो. दुसरी जात म्हणजे आतडे खरोखरच वेगाने चालते आणि धरून ठेवायला स्नायू नाही. पहिलीत आतडे रिकामे करायचे असते, दुसरीत वेग कमी करायचा असतो. उपाय अगदी उलट.

हे निस्तरल्याशिवाय समुपदेशनाला बूड येत नाही. आधी पोट, मग मन.

---

क्लिनिकल_सायको_पुणे

डिस्चार्ज कार्डाबद्दल आणि गळतीच्या दोन जातींबद्दल पूर्ण सहमत. शेवटच्या वाक्याशी नाही.

'आधी पोट' म्हटलं की सर्जनची तारीख, एक्स-रे, एनिमाची सवय यात चार-सहा महिने जातात, आणि ज्याला नैराश्य आहे तो रोज पाऊण तास संडासात बसण्याचा कार्यक्रम निभावू शकत नाही. तो चौथ्या दिवशी सोडतो. मग सर्जन लिहितात 'सूचना पाळत नाही'. दोन्ही कामं पहिल्या आठवड्यापासून सोबत चालवा. थांबायचं ते फक्त एका गोष्टीसाठी, त्याकडे येते.

पीएचक्यू-९ बद्दल. एकूण गुण टाकून देऊ नका, पण वाचा असा : पहिला प्रश्न (कशात रस न वाटणं), दुसरा (उदास, निराश वाटणं), सहावा (स्वतःबद्दल वाईट वाटणं, अपयशी वाटणं) आणि नववा (मरण बरं, स्वतःला इजा करावी असं वाटणं). हे चार आतड्यामुळे वाढत नाहीत. झोप, थकवा, भूक यांचे गुण बाजूला वेगळे लिहून ठेवा. एकूण १० किंवा जास्त असेल आणि पहिल्या दोनपैकी एकालाही २ किंवा जास्त गुण नसतील, तर आधी रक्त तपासा, मग नैराश्य म्हणा. दर चार आठवड्यांनी तोच तक्ता भरून घ्या. एकदाच्या आकड्यापेक्षा आकडा कुठे चाललाय ते जास्त सांगतं. चिंतेसाठी जीएडी-७ या सात प्रश्नांच्या प्रश्नावलीत शरीराच्या तक्रारी कमी आहेत, त्यामुळे तो इथे जास्त विश्वासाचा.

नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर त्याच बैठकीत थेट विचारा : विचार येतो की ठरवलंय? कसं ते ठरवलंय? ते साधन घरात आहे का? थेट विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारा आणि घरच्या कुणाला तरी ते कुलपात ठेवायला सांगा. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. पण ठरवलेलं असेल तर नंबर देऊन घरी पाठवायचं नसतं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे.

आता सामोरं जाण्याबद्दल. नेहमीच्या पॅनिकमध्ये आपण म्हणतो, 'तुला वाटतं ते होणार नाही.' इथे तसं म्हणता येत नाही, कारण ते होतं. म्हणून आधी चौदा दिवसांची वही. पाच रकाने पुरतात : वेळ, शीचा प्रकार (ब्रिस्टलचं १ ते ७ चित्र छापून द्या), गळती झाली का आणि किती, आधीच्या चार तासांत काय खाल्लं, आणि बाहेर पडण्याआधी 'आज होणार' याची भीती ० ते १० मध्ये किती होती. दोन आठवड्यांनी वही समोर ठेवली की दोन गोष्टी कळतात. एक, दिवसातले कोणते तास भरवशाचे आहेत. दोन, भीती ९ असताना प्रत्यक्षात किती वेळा काही झालं. मी थांबायचं म्हणते ते एवढ्यासाठीच. भरवशाचे तास कळेपर्यंत बाहेरचा सराव सुरू करू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी फजिती होते आणि माणूस परत येत नाही.

मग सराव त्या तासांत. घराजवळ वीस मिनिटं, मग संडास असलेल्या ठिकाणी एक तास, मग संडास नसलेल्या ठिकाणी अर्धा तास, मग एसटीचा एक टप्पा. मुंबईत असाल तर लोकल ही सगळ्यात वरची पायरी, कारण डब्यात संडास नसतो. पण दर काही मिनिटांनी स्टेशन येतं, हे कागदावर लिहून दाखवा. 'पुढच्या स्टेशनला उतरता येतं' एवढ्यावर बरेच जण पहिला प्रवास करतात.

आणि बचावाच्या सवयी मोजा : बाहेर जायच्या दिवशी काहीच न खाणं, दुहेरी डायपर, दर दहा मिनिटांनी मागे हात लावून बघणं, बहिणीला 'वास येतो का' म्हणून पुन्हा पुन्हा विचारणं, कायम दाराजवळची खुर्ची. सगळ्या एकदम काढू नका. एक पॅड आणि एक जादा चड्डी ही सवय नाही, ती शहाणपणाची सोय आहे, ती राहू द्या. उपाशी राहणं आधी काढा. ते सगळ्यात महाग पडतं. दिवसभर पोट रिकामं ठेवून रात्री एकदम जेवलं की आतडं रात्री किंवा पहाटे जोरात चालतं आणि अंथरुणात गळती होते. शिवाय वजन उतरतं, चिडचिड वाढते, आणि घरचे म्हणतात 'किती उपास करतो, श्रद्धाळू आहे'.

---

मनोवैद्य_नागपूर

औषधांबद्दल लिहितो. नेमका डोस ज्याचा त्याचा डॉक्टर ठरवेल. समुपदेशकाने कशावर नजर ठेवायची ते सांगतो.

सर्ट्रालिन, एसएसआरआय या नैराश्यावरच्या गटातलं, बरंच लिहिलं जातं आणि त्या गटात जुलाब करण्यात तेच पुढे. पहिले एक-दोन आठवडे शी पातळ होते, मळमळतं. ज्याचा त्रास बद्धकोष्ठाचा आहे त्याला हे चालून जातं. ज्याचं आतडं मुळात वेगात आहे त्याची पहिल्याच आठवड्यात फजिती होते आणि तो गोळी बंद करतो. औषधाचा मनावरचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे त्याने ते वापरलंच नाही. २५ मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत, आणि नव्या नोकरीच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात सुरू न करता, एवढी काळजी घेतली तरी बराच फरक पडतो. त्या पंधरवड्याची कल्पना रुग्णाला आधी द्या.

अमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं जुनं औषध १० ते २५ मिलिग्रॅम रात्री, पोटदुखीसाठी सर्रास देतात. ते आतड्याची हालचाल मंद करतं. वेगवान आतड्याला त्याचा फायदाही होऊ शकतो. पण हिर्शस्प्रुंगमध्ये, ऑपरेशननंतरही, आतडं तुंबलं की एंटेरोकोलायटिस (आतड्याचा दाह) होऊ शकतो : पोट फुगणं, ताप, घाण वासाचे जोरात होणारे जुलाब. यात जीव जाऊ शकतो. तेव्हा अमिट्रिप्टिलीन, पॅरोक्सेटिन, ओलान्झापिन आणि विशेषतः क्लोझापिन यांच्यासोबत बद्धकोष्ठाचा विचार आधीच करायचा. ताप आणि फुगलेलं पोट असेल तर 'टेन्शन' हा शब्द उच्चारायचा नाही, लोपेरामाइड द्यायचं नाही, थेट रुग्णालय.

अमिट्रिप्टिलीनबद्दल आणखी एक. जास्त प्रमाणात ते हृदयाला घातक आहे. नवव्या प्रश्नाला होकार असलेल्या माणसाच्या हातात महिन्याच्या गोळ्या देऊ नका. आठवड्याच्या द्या, त्याही घरच्या माणसाकडे. पंचविशीच्या आतल्या कुणालाही नैराश्यावरची कोणतीही गोळी सुरू केली तर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला भेट किंवा निदान फोन.

लिथियम : जुलाब, इलिओस्टॉमीतून (पोटावर काढलेल्या लहान आतड्याच्या तोंडातून) पाणी जाणं किंवा मूत्रपिंडाचा दोष असेल तर रक्तातली पातळी भराभर चढते. शक्यतो नकोच.

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिनच्याच गटातलं, चांगलं औषध. पण आतडं आखूड असलेल्यांत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी असतं, वर लोपेरामाइड मोठ्या प्रमाणात चालू असतं. तिन्ही मिळून हृदयाच्या ठोक्याची लय बिघडू शकते. आधी ईसीजी.

आतडं आखूड असेल तर हळूहळू विरघळणाऱ्या एक्सआर, सीआर गोळ्या पूर्ण शोषल्या न जाताच बाहेर पडतात. साध्या गोळ्या द्या. जिभेवर विरघळणारी मिर्टाझापिनची (नैराश्यावरचं औषध) गोळीही शेवटी आतड्यातूनच शोषली जाते, तोंडातून नाही. हा गैरसमज डॉक्टरांतही आहे.

प्रवासाआधी क्लोनाझेपाम (चिंता दाबणारी, झोप आणणारी गोळी) घ्यायची सवय लावू नका. तीही बचावाचीच सवय होते, आणि गाढ झोपेत गळतीची जाणीव होत नाही.

---

पोटविकार_कोल्हापूर

वरच्या सगळ्यात एक भर : 'मानसिक' दिसणारी पण मानसिक नसलेली चार कारणं. समुपदेशकाने ओळखली नाहीत तर कुणीच ओळखत नाही.

बी-१२. लहान आतड्याच्या शेवटाचा ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भाग काढलेला असेल तर बी-१२ आयुष्यभर बाहेरूनच द्यावं लागतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता ऑपरेशनच्या संदर्भात लक्षातच येत नाही. उदासी, विसरभोळेपणा, पायाला मुंग्या, जिभेची आग. शाकाहारी असेल तर आणखी लवकर. फक्त फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या की रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. वर्षातून एकदा पातळी तपासा. आतड्याचा तो भागच नसेल तर इंजेक्शन.

लेवोसल्पिराइड. गॅसवरच्या 'रॅबेप्रॅझोल अधिक लेवोसल्पिराइड' अशा जोडगोळ्या आपल्याकडे गोळ्या-बिस्किटांसारख्या खपतात. महिनोनमहिने घेतल्या की पाळी बंद होते, छातीतून दूध येतं, हात थरथरतात, चेहरा मख्ख दिसतो. हे नैराश्य वाटतं. मेटोक्लोप्रामाइडने माणूस एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो. ती चिंता वाटते. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा, यादी तोंडी विचारू नका.

मॅग्नेशियम कमी असणं. कापरं, गोळे, धडधड, झोप उडणं. पीपीआय (रॅबेप्रॅझोलसारखं ॲसिड कमी करणारं औषध) वर्षानुवर्षं चालू असेल तर शक्यता वाढते.

आणि डी-लॅक्टिक ॲसिडोसिस. हा दुर्मिळ, पण विसरू नका. लहान आतडं फार आखूड आणि मोठं आतडं शाबूत असेल, तर भरपूर गोड किंवा पिठूळ जेवणानंतर काही तासांत माणूस बरळतो, तोल जातो, दारू प्यायल्यासारखा दिसतो. लोक म्हणतात पितो, डॉक्टर म्हणतात हिस्टेरिया. नेहमीची लॅक्टेटची तपासणी नॉर्मल येते कारण ती दुसऱ्या प्रकारचं लॅक्टेट मोजते. जेवणाशी असलेली वेळेची सांगड लिहून पाठवलीत तर निदान होऊ शकतं.

धाग्यात अन्ननलिकेचा जन्मजात दोष आलेला नाही. जन्मतः अन्ननलिका तुटक असलेल्यांची ऑपरेशनं यशस्वी होऊन तीही पिढी आता मोठी झाली आहे. त्यांची भीती जेवणाची : घास अडकतो, म्हणून चारचौघांत जेवत नाहीत, लग्नाच्या पंगतीला जात नाहीत, डबा एकटे खातात. त्याला चिंता म्हणण्याआधी एंडोस्कोपी झाली आहे का बघा. जोडाची जागा आकसलेली असू शकते. काही त्रास नसला तरी प्रौढपणी दर ५ ते १० वर्षांनी एंडोस्कोपी हवीच. घास अडकून थुंकीही गिळता येत नसेल तर पाणी पाजत बसू नका, लगेच रुग्णालय.

---

समुपदेशन_सातारा

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. सर्जन एनिमाचा कार्यक्रम लिहून देतात, पण घरी तो फसतो, आणि 'मला काहीच जमत नाही' हे वाक्य तिथूनच सुरू होतं. कुठे चुकतं? आणि लहानपणीच्या उपचारांचाच धसका असलेल्यांचं काय? काही जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत.

---

स्टोमा_सिस्टर

फसण्याची कारणं ठरलेली आहेत, सांगते.

मीठ. लिटरला ९ ग्रॅम. चहाचे सपाट दीड चमचे म्हणतात, पण चमचे घरोघरी वेगळे, म्हणून एकदा वजनकाट्यावर मोजा आणि त्या चमच्यावर खूण करा. 'साध्या पाण्याने काय होतंय' म्हणून मोठ्या प्रमाणात नुसतं पाणी घालू नका, ते आतड्यातून रक्तात जातं आणि सोडियम उतरतं. मूत्रपिंडाचा दोष असेल तर दुकानातला तयार फॉस्फेट एनिमा नको.

पाणी कोमट, अंगाच्या तापमानाचं. गार पाण्याने किंवा जोरात सोडल्याने मुरडा येतो. मोठ्या माणसाला साधारण ५०० मिलीपासून सुरुवात, गरजेप्रमाणे वाढवत लिटरपर्यंत, पण आकडा सर्जनचा. पिशवी फार उंच टांगू नका. पाणी आत गेल्यावर पाच-दहा मिनिटं धरायचं, मग तीस ते पंचेचाळीस मिनिटं बसायचं. पंधरा मिनिटांत उठणं, हे फसण्याचं एक नंबरचं कारण. घरात एकच संडास, सकाळची घाई, बाहेरून दार वाजतंय. म्हणून वेळ रात्री जेवणानंतरची ठेवा. रोज तीच.

कसं ओळखायचं : एनिमानंतर दोन-तीन तासांत गळलं तर पूर्ण रिकामं झालं नाही. पुढचे चोवीस तास स्वच्छ गेले तर प्रमाण जमलं. चौदा-सोळा तासांनी गळायला लागलं तर आतडं वेगात आहे, आहार आणि औषध बघावं लागेल. हे एका आठवड्यात जमत नाही आणि तसं रुग्णाला आधीच सांगा. 'पहिले पंधरा दिवस माप शोधण्याचे' असं म्हटलं की फसणं हे अपयश राहत नाही. जोराची कळ, रक्त किंवा ताप आला तर थांबून दवाखाना.

आणि एनिमा कोण देतं ते विचारा! पंचविशीच्या मुलाला अजून आई देते अशी घरं आहेत. दोघंही त्यावर बोलत नाहीत. स्वतः करायला शिकणं हाच तिथे अर्धा मानसोपचार. कमोडवर बसून वापरायची फुग्याच्या नळीची साधनं मिळतात. ज्यांचा हात पोचत नाही किंवा जमतच नाही त्यांच्यासाठी मॅलोनची शस्त्रक्रिया आहे, १९९० पासून करतात. अपेंडिक्सचं टोक बेंबीशी आणतात आणि तिथून बारीक नळीने पाणी सोडतात, स्वतः, कमोडवर बसून. छिद्र आकसण्याचा त्रास होतो, हे आधी सांगावं.

धसक्याबद्दल. ऑपरेशननंतर गुदद्वार आकसू नये म्हणून घरी महिनोनमहिने धातूची सळई घालून ताणावं लागायचं. ते आई-बाबांनीच केलेलं असतं, मूल धरून ठेवून. कुणाची चूक नाही, पण शरीराला ते आठवतं. तपासणी करताना माणूस एकदम थंड पडतो, उत्तर देत नाही, छताकडे बघत राहतो, तर ते 'सहकार्य' समजू नका. थांबा. तपासणीआधी काय करणार ते सांगायचं, 'हात वर केला की थांबते' असं ठरवायचं आणि खरंच थांबायचं. आज तपासणी टाळता येत असेल तर टाळायची. खोलीत एकच सोबती. शिकाऊ मुलांचा घोळका बाहेर. मोठ्या रुग्णालयांत हे बोलावं लागतं, आणि रुग्णाला 'नाही' म्हणायचा हक्क आहे हेही सांगावं लागतं.

---

क्लिनिकल_सायको_पुणे

सिस्टरना +१. धसक्यासाठी साधं समुपदेशन पुरत नाही. आघातावरचं सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्याचा उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणी हाताळण्याचा उपचार) शिकलेल्या माणसाकडे पाठवा. चिठ्ठीत 'बालपणीच्या वैद्यकीय प्रक्रिया' असं स्पष्ट लिहा, नाहीतर तो घरातल्या अत्याचाराच्या दिशेने शोधत बसतो. तेही विचारायलाच हवं, पण वेगळं.

विचारायचं राहतं त्यात लैंगिक आयुष्य पहिलं. 'जोडीदार आहे का' एवढ्यावर थांबू नका. स्पर्शाची भीती, अंधारातच, कपड्यांसकट, किंवा अजिबात नाही, अशी उत्तरं येतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं म्हणून येतात.

---

पेडसर्जन_निवृत्त

क्रमाबद्दल माझे म्हणणे मागे घेत नाही, पण 'भरवशाचे तास' ही अट मान्य आहे. त्यात दोघांचेही साधते.

लग्नाचे दोन शब्द, कारण ते शेवटी आमच्याकडेच येते. पुरुषांत मूत्रमार्गाशी जोडलेला दोष असेल तर वीर्य उलटे मूत्राशयात जाणे किंवा शुक्राणू न येणे शक्य असते. वीर्याची एक तपासणी लग्नाआधीच करून घ्यावी, अंदाजाने वर्षे घालवू नयेत. स्त्रियांत एआरएमनंतर बाळंतपण कसे करायचे ते सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. क्लोएका (लघवी, योनी आणि शी यांचा जन्मतः एकच मार्ग) दुरुस्त केलेली असेल तर बहुधा सिझेरियन. मुलाला होईल का, हा प्रश्न हिर्शस्प्रुंगमध्ये खरा आहे, विशेषतः लांब भाग बाधित असेल तर. आरईटी जनुकाची तपासणी आणि जनुकीय सल्ला मिळतो. बहुतेक एआरएममध्ये घरात दुसरे कोणी नसते.

सांगायचे केव्हा? स्थळ बघायला आल्या दिवशी नको, साखरपुड्यानंतर तर नकोच. दोघे दोन-तीनदा बोलले, पुढे जायचे वाटले, की तेव्हा. आणि सांगणाऱ्याने स्वतः, आई-वडिलांमार्फत नाही. तीन वाक्ये पुरतात : जन्मतः काय होते, रोज काय करावे लागते, मुलांबाबत डॉक्टर काय म्हणतात. समुपदेशकाने ती तीन वाक्ये बैठकीत मोठ्याने बोलून घ्यावीत.

---

समुपदेशन_सातारा

हे उद्यापासून वापरते. एकच राहिलं, नोकरी. अपंगत्वाचा दाखला मिळतो का?

---

मनोवैद्य_नागपूर

२०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत शीवरचं नियंत्रण नसणं स्वतंत्रपणे नाही. मज्जारज्जूच्या दोषामुळे पायात कमजोरी असेल तर चलनवलनाच्या अपंगत्वाखाली तपासणी होऊ शकते. केवळ दाखल्यासाठी 'मानसिक आजार' या गटात घालू नका. तो दाखला वेगळ्या मोजपट्टीवर मिळतो आणि माणसाच्या मनावर नवाच शिक्का बसतो.

दाखल्यापेक्षा कंपनीला एक पत्र जास्त कामाचं. निदान लिहायची गरज नाही. 'जन्मजात शारीरिक कारणासाठी नियमित वैद्यकीय दिनक्रम आहे. स्वच्छतागृहाजवळची जागा, कामाच्या मध्ये न विचारता उठण्याची मुभा आणि सकाळची पाळी तासभर उशिरा मिळाल्यास काम पूर्ण क्षमतेने करता येईल.' खाली फिजिशियनची सही आणि नोंदणी क्रमांक. मानसोपचारतज्ज्ञाची सही टाळा, मनुष्यबळ विभाग अक्षराआधी शिक्का वाचतो.